भिंगाची परीक्षा : फुलपाखराच्या खवल्यापासून कापसाच्या तंतूपर्यंत

कापसाच्या बोंडाला वेढणाऱ्या हिरव्या छदांच्या आत शेंदरी बोंडअळीची मादी अंडी घालते. अंडे अर्धा मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर रुंद, चपटे, मोत्यासारखे पांढुरके. हिरव्या बोंडअळीचे अंडेही साधारण अर्ध्या मिलिमीटरचेच, पण ते गोल असते आणि त्याच्यावर खरबुजासारख्या उभ्या धारा असतात. त्याच झाडावर माव्याने टाकलेली कात असते, धुळीचे कण असतात, मित्रकीटकांची अंडीही असतात. नुसत्या डोळ्यांना हे सगळे म्हणजे एक पांढरा ठिपका.

बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या भागांत या ठिपक्याला पैशाची किंमत आहे. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र बुजते आणि मग बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात या अळीने काय केले, ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामुळे ठिपका कशाचा आहे हे न कळता केलेली फवारणी जशी वाईट, तशीच कळायला उशीर झाल्यामुळे न केलेली फवारणीही वाईट. आता खिशातल्या फोनलासुद्धा जवळचे छायाचित्र घेणारी मॅक्रो लेन्स असते. शेतकऱ्याचा मुलगा ठिपक्याचा फोटो काढतो आणि शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवतो. फोटो दिसायला छान, अगदी रेखीव असतो. पण त्यावर भरवसा ठेवायचा का?

हा प्रश्न नवा नाही. भिंगे वापरणाऱ्यांनी तो जवळजवळ साडेतीनशे वर्षे वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला आहे, आणि त्यांनी शोधलेली उत्तरे आपल्या शाळेच्या टेबलावर करून पाहण्याजोगी आहेत.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. कापडाची वीण पाहायला भिंग वापरण्याची त्या धंद्यात रीतच होती. १६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे पाठवू लागला. आपल्या भिंगातून दिसणारे जीव केवढे आहेत, हे सांगण्यासाठी तो वाळूचा कण, डोक्याचा केस अशा सगळ्यांच्या ओळखीच्या वस्तूंशी तुलना करी. म्हणजे मोजमापाला आधार होता. पण एक भिंग दुसऱ्यापेक्षा चांगले कशावरून, याला त्या काळी पाहणाऱ्याच्या मताखेरीज दुसरे उत्तर नव्हते. दोन दुकानदारांनी आपापले सूक्ष्मदर्शक मांडले, तर गिऱ्हाइकाने ज्यातून चित्र मोठे दिसेल ते उचलावे. मोठे दिसणे म्हणजे स्पष्ट दिसणे नव्हे, ही गोष्ट आजही दहावीच्या वर्गात दोनदा सांगावी लागते.

पहिली खरी परीक्षा १८२०-३० च्या दशकात लंडनमध्ये सुरू झाली. गोरिंग नावाच्या डॉक्टराच्या ध्यानात आले, की काही पतंगांच्या आणि फुलपाखरांच्या पंखांवरच्या खवल्यांवर अतिशय बारीक समांतर रेघा असतात. काही भिंगांतून त्या दिसतात, काहींतून खवला नुसता कोरा दिसतो, मग चित्र कितीही मोठे करा. त्याने हे खवलेच कसोटीची वस्तू म्हणून वापरायला सुरुवात केली. यातून आणखी एक गोष्ट उमगली : रेघा दिसणे हे भिंग किती पट वाढवते यावर अवलंबून नसून, वस्तूपासून निघालेला प्रकाशाचा शंकू भिंग किती रुंद घेऊ शकते यावर अवलंबून आहे.

जाता जाता एक योगायोग सांगायला हवा. भिंगांची ही चढाओढ ऐन भरात असताना, १८४२ मध्ये, गुजरातेतल्या भडोचहून कापूस खाणाऱ्या एका किड्याचे नमुने इंग्लंडला गेले. १८४३ मध्ये सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तीच आपली शेंदरी बोंडअळी. म्हणजे ती शास्त्राच्या दप्तरी नोंदली गेली तो काळ आणि भिंगाची परीक्षा घ्यायला माणूस शिकला तो काळ एकच.

खवल्यांची एक अडचण होती. दोन खवले सारखे नसतात, म्हणून एकाने लंडनमध्ये घेतलेल्या परीक्षेचे गुण दुसऱ्याच्या गुणांशी ताडून पाहता येत नाहीत. मग डायटम, म्हणजे करंडक वनस्पती, पुढे आल्या. पाण्यात वाढणाऱ्या या एकपेशीय वनस्पतींची कवचे सिलिकेची असतात आणि त्यांच्यावरची नक्षी एका जातीत बरीचशी एकसारखी असते. तरीही ती निसर्गाची वस्तू, तिच्या रेघा आधी कोणी मोजलेल्या नव्हत्या. जर्मनीतल्या नोबर्ट या कारागिराने १८४५ मध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्याने हिऱ्याच्या टोकाने काचेवर स्वतःच रेघा मारल्या. रेघांचे पट्टे केले. पहिल्या पट्ट्यात मिलिमीटरला सुमारे ४४० रेघा, पुढच्या प्रत्येकात त्याहून दाट. त्याच्या नंतरच्या १९ पट्ट्यांच्या प्रसिद्ध काचेवर शेवटच्या पट्ट्यात मिलिमीटरला सुमारे ४,४०० रेघा होत्या. विजेवर चालणारी यंत्रे नसताना हाताच्या यंत्राने हे काम करणाऱ्या माणसाबद्दल आम्हांला तरी आदरच वाटतो.

आता भिंगांचे कारखानदार आणि हौशी लोक सांगू लागले, आम्ही पंधरावा पट्टा पाहिला, आम्ही सतरावा पाहिला, आम्ही एकोणिसावाही पाहिला. इथेच गोष्ट रंगते. काहींना रेघा दिसत होत्या हे खरे, पण त्या नोबर्टने मारलेल्या रेघा नव्हत्या! प्रकाश तिरका सोडला आणि भिंगाची ताकद अपुरी पडली, की दाट रेघांच्या जागी त्यांच्याहून विरळ अशा खोट्या रेघा उमटतात. त्या इतक्या स्वच्छ दिसतात, की पाहणारा शपथ घेऊन सांगेल. वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयातल्या डॉक्टर वुडवर्ड यांनी यावर साधा उपाय काढला : रेघा दिसल्या म्हणू नका, मोजून दाखवा. नोबर्टने त्या पट्ट्यात जितक्या मारल्या तितक्याच भरल्या तर खऱ्या. १८७० च्या सुमारास त्यांनी सूर्यप्रकाश निळ्या द्रावणातून गाळून एकोणिसाव्या पट्ट्याची छायाचित्रे घेतली. छायाचित्र कागदावर आले म्हणजे कोणालाही रेघा मोजता येतात. पाहणाऱ्याच्या डोळ्यावरचे प्रकरण अशा रीतीने सगळ्यांसमोर मांडले गेले. भिंगाच्या परीक्षेत कॅमेरा आला तो असा, साक्षीदार म्हणून.

निळा प्रकाशच का, याचे उत्तर त्याच सुमारास येना गावी तयार होत होते. तिथे कार्ल झाइस यांच्या कारखान्यात अर्न्स्ट अबे हे भौतिकशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या कामी लागले होते. त्यांना वाटले, भिंगाच्या कडेकडून येणारे किरणच चित्र बिघडवतात, म्हणून प्रकाशाचा शंकू अरुंद ठेवावा आणि दोष काढून टाकावेत. तशी भिंगे केली. गणिताने ती अधिक निर्दोष होती, पण जुन्या, सदोष, रुंद तोंडाच्या भिंगांपेक्षा त्यांतून बारीक नक्षी कमीच दिसे. या अपयशाचा पाठपुरावा करता करता अबेंनी १८७३ मध्ये मर्यादा मांडली : प्रकाश ही लाट आहे, आणि लाटेच्या लांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या रेघा कोणतेही भिंग सुट्या दाखवू शकत नाही. भिंगाचे तोंड जितके अरुंद, तितकी ही मर्यादा आधीच गाठली जाते. निळ्या प्रकाशाची लाट लाल प्रकाशाच्या लाटेपेक्षा आखूड, म्हणून वुडवर्डना निळा प्रकाश उपयोगी पडला.

अबेंचे ते फसलेले भिंग ध्यानात ठेवा. जवळचे छायाचित्र घेणारा प्रत्येक जण तोच अनुभव पुन्हा घेतो, फक्त त्याला तो कळत नाही.

सूक्ष्मदर्शकावरून आता साध्या कॅमेऱ्याकडे वळू. महाराष्ट्रात जवळच्या छायाचित्रणाचे पहिले ठळक उदाहरण बहुतेकांना वेगळ्याच कारणाने माहीत असते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला. 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा कायम ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण केले. रोप मिनिटभरात उगवून वाढताना दिसले. 'अंकुराची वाढ' हे त्या लघुपटाचे नाव. छपाईचे ब्लॉक करण्याचे कामही त्यांनी केले होते, आणि त्या धंद्यात बारीक ठिपके फुटू न देणे हीच भिंगाची परीक्षा असते.

जवळून चित्र घेण्यासाठीच घडवलेली छोट्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र बरीच उशिरा आली. १९५५ मध्ये किलफिट यांची मॅक्रो-किलार बाजारात आली. १९५६ मध्ये जपानच्या निकॉनने मायक्रो-निक्कोर काढली, आणि तिची जन्मकथा आपल्याला जवळची वाटेल अशी आहे. कागदपत्रांची सूक्ष्मफीत करण्यासाठी पाश्चात्त्य देशांत वापरत त्या भिंगांनी रोमन अक्षरे वाचता येत, पण जपानीतली चित्राक्षरे दाट रेघांची, एक रेघ पुसट झाली की अक्षर बदलते. त्या अक्षरांसाठी अधिक तीक्ष्ण भिंग हवे होते. देवनागरीतही तेच आहे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांत फरक एका लहानशा गाठीचा किंवा फटीचा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचा स्तंभ भिंतीला चिकटवून दुरून फोटो काढला, तर आपल्याला फुकटात एक कसोटीचा तक्ता मिळतो. अट एकच : वाचणाऱ्याने तो मजकूर आधी पाहिलेला नसावा, कारण मन रिकाम्या जागा स्वतःच भरते.

याच काळात अमेरिकेच्या हवाई दलाने १९५१ मध्ये तीन-तीन पट्ट्यांचा एक तक्ता ठरवला, तो आजही जगभर वापरात आहे. तो नोबर्टच्या काचेचाच वारस. मात्र पट्टे सुटे दिसणे एवढ्यानेच चित्र रेखीव वाटत नाही, काळे किती काळे आणि पांढरे किती पांढरे उतरले हेही पाहावे लागते, हे त्याच सुमारास दूरचित्रवाणीवर आणि फिल्मवर काम करणाऱ्यांनी दाखवले. आज लेन्सच्या माहितीपत्रकात जे आलेख छापतात ते बारीकपणा आणि उठाव ही दोन्ही एकत्र सांगतात.

आता पुन्हा कापसाकडे. १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला मध्यवर्ती कापूस समितीने एक प्रयोगशाळा उघडली. आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ती हीच. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचे तंतू पाहून त्यांची रुंदी आणि पक्वता ठरवत. १९२८ मध्ये या प्रयोगशाळेतून गुलाटी आणि टर्नर यांचा एक अहवाल निघाला. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटलेले कापडाचे तुकडे मिळाले होते. ते पार कुजलेले, बुरशीने पोखरलेले. ते ताग-अंबाडीचे, लोकरीचे की कापसाचे? निर्णय झाला तो तंतूच्या पिळावरून. कापसाचा तंतू बोंडात असताना पोकळ नळीसारखा असतो, बोंड उकलल्यावर तो वाळतो, चपटा होतो आणि फितीसारखा पिळतो. असा पीळ दुसऱ्या कोणत्याही सामान्य तंतूत नसतो. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कापडात पीळ दिसला आणि सिंधू संस्कृतीला कापूस ठाऊक होता हे सिद्ध झाले. भिंग जरा मंद असते, पीळ हरवला असता, तर त्या चिंधीचे नाव चिंधीच राहिले असते.

आपल्या परीक्षेची वस्तू हीच. कापसाच्या तंतूची रुंदी साधारण १२ ते २५ मायक्रॉन. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) बीड जिल्ह्यात तुतीची रेशीमशेतीही बरीच वाढली आहे, त्यामुळे कोष मिळायला अडचण नाही. कोष गरम पाण्यात टाकून काढलेला रेशमाचा तंतू जवळपास तितकाच बारीक, पण गुळगुळीत आणि बिनपिळाचा. काळ्या कागदावर कापसाचे दोन-तीन तंतू आणि रेशमाचे दोन-तीन तंतू ताणून डिंकाने टोके चिकटवा. कुठला कोणता हे एकाच शिक्षकाने चिठ्ठीवर लिहून ठेवावे. बाकीच्यांनी फोटो पाहून सांगायचे. बरोबर उत्तरे किती आली तेवढे गुण भिंगाला.

मॅक्रो लेन्स असलेला कॅमेरा मिळाला तर तो १:१ वर लावा, म्हणजे वस्तू जेवढी तेवढेच चित्र आतल्या संवेदकावर पडते. कॅमेरा हातात धरू नका, पुस्तकांच्या चळतीवर घट्ट ठेवा आणि टायमर लावा. कागद आणि कॅमेऱ्याची पाठ समांतर हवी. नेम धरताना लेन्सचे कडे फिरवण्यापेक्षा कागदच पुढेमागे सरकवा, कारण कडे फिरवले की वाढही बदलते. मग छिद्राच्या प्रत्येक आकड्याला एकेक फोटो घ्या.

इथे बहुतेकांची समजूत उलट असते. छिद्र जितके लहान (एफ/१६, एफ/२२) तितके चित्र स्पष्ट, असे छायाचित्रणाच्या वर्गात कानावर पडलेले असते. डोंगराचा फोटो काढताना पुढचे झुडूप आणि मागचा कडा दोन्ही नीट यावेत म्हणून ते ठीक आहे. पण १:१ ला लेन्स संवेदकापासून दूर सरकते आणि छिद्राचा परिणामी आकडा दुप्पट होतो : लेन्सवरचे एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२२ होते. (काही कॅमेरे हा परिणामी आकडाच पडद्यावर दाखवतात, तेव्हा पुन्हा दुप्पट करू नका.) विवर्तनामुळे एका बिंदूची चकती होते, हे एअरी यांनी १८३५ मध्ये गणिताने दाखवले होते. हिरव्या प्रकाशासाठी सोपा हिशेब असा, की परिणामी आकड्याच्या दोन-तृतीयांश इतके मायक्रॉन अंतर असेल तरच दोन बिंदू सुटे दिसतात. एफ/५.६ ला हे अंतर साडेसात मायक्रॉन, एफ/११ ला १५ आणि एफ/२२ ला सुमारे ३०. म्हणजे एफ/२२ ला मर्यादा कापसाच्या तंतूच्या रुंदीपेक्षाही मोठी झाली! लेन्स लाखाची असो की हजाराची, येथे सारख्याच. अबेंचे अरुंद तोंडाचे भिंग ते हेच.

आणि तरीही एफ/२२ ला तंतू दिसेलच. काळ्या कागदावर पांढरा तंतू कितीही बारीक असला तरी पुसट पट्ट्यासारखा उमटतो. मात्र त्या पट्ट्याची रुंदी तंतूची नसते, चकतीची असते. म्हणून 'दिसतो का' असे विचारून उपयोग नाही. 'पीळ सांगा' किंवा 'शेजारचे दोन तंतू सुटे दाखवा' असे विचारावे. वुडवर्ड यांच्या मोजून दाखवण्याचाच हा प्रकार.

मोठे छिद्र ठेवले की खोली कमी होते. नेहमीच्या हिशेबाने १:१ ला एफ/११ वर सुमारे १.३ मिलिमीटर आणि एफ/५.६ वर जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीचा भाग नीट येतो. अंडे पाव मिलिमीटरचे असले तरी छद वाकडे असते, देठ हलत असतो. आमच्या मते शेतातल्या कामाला एफ/८ च्या आसपास थांबावे. वाऱ्याचे मात्र भिंगावर ढकलू नये. पान सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर हलत असेल आणि फोटोला सेकंदाचा शंभरावा भाग लागत असेल, तर चित्र दशांश मिलिमीटर पुसले जाते. म्हणजे शंभर मायक्रॉन, पाच-सहा तंतूंएवढे. लेन्स मंद आहे अशी तक्रार करणाऱ्याने आधी पान खुडून आडोशाला न्यावे.

फोनच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. फोन चित्र जसेच्या तसे देत नाही, त्यातला संगणक कडा गडद करतो, दाणे पुसतो, कधी आपल्या अंदाजाने पोतही भरतो. गडद केलेल्या कडेला लागून एक उजळ रेघ येते आणि गोल ठिपक्याला धार असल्यासारखी भासते. नोबर्टच्या काचेवरच्या खोट्या रेघा दीडशे वर्षांनी अशा रूपात परतल्या आहेत. कापूस-रेशमाची चिठ्ठीवाली परीक्षा फोनलाही द्यावी. कित्येकदा फोनच्या चित्रात दोन्ही तंतू तितकेच चकचकीत आणि तितकेच बिनपिळाचे येतात.

परीक्षा उतरलेल्या भिंगाने अंड्याचा फोटो घेताना शेजारी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवावी आणि तेच अंडे दोन बाजूंनी टिपावे. अंडे गोल आणि उभ्या धारांचे, की चपटे आणि लांबट, एवढे सांगता आले तरी पुष्कळ. त्याहून अधिक फोटोकडे मागू नये. राज्याच्या कृषी विभागाने २००९ मध्ये सुरू केलेल्या क्रॉपसॅप योजनेतही शेंदरी बोंडअळीचा निर्णय अंड्याच्या चित्रावर ठेवलेला नव्हता. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग, फुलांतल्या डोमकळ्या, आणि हिरवी बोंडे फोडून आत सापडणाऱ्या अळ्या यांची मोजदाद करायची असते. बोंड फोडायला चाकू लागतो, आणि आतली पांढरी, काळसर डोक्याची लहान अळी ओळखायला दहापट वाढवणारे हातभिंग पुरते.